श्रोत्याचे उत्तर : स्थानिक नभोवाणी आणि समाजमाध्यमे

१

नभोवाणी एकमार्गी आहे, ती बोलते पण ऐकत नाही, हा तिच्यावरील जुना आक्षेप होय. जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेश्ट याने १९३२ मध्येच अशी मागणी केली होती की, नभोवाणीने श्रोत्याला केवळ ग्रहण करणारा ठेवू नये, त्याला बोलता करावे आणि त्याचे बोलणे इतरांपर्यंत पोचवावे. त्या काळी ही मागणी कल्पनेतच जमा होती. आज ती तंत्राच्या दृष्टीने पुरी झाली आहे असे दिसते. लहानशा केंद्रालाही आता आपला व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक असतो, फेसबुकवर पान असते, यूट्यूबवर ध्वनिमुद्रिते चढविलेली असतात. आणि कार्यक्रमाच्या अखेरीस 'आम्हांला अवश्य कळवा' असे निवेदक सांगतो, तेव्हा कळविण्यास श्रोत्याला पोस्टापर्यंतही जावे लागत नाही.

तंत्र उपलब्ध झाले म्हणजे संवाद घडला, असे मात्र होत नाही. प्रस्तुत लेखात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचे क्षेत्र समोर ठेवून एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : समाजमाध्यमांतून केंद्राकडे येणाऱ्या श्रोत्याच्या उत्तराचे पुढे काय होते, आणि ते कोणत्या भाषेत उरते? लेखकाची दृष्टी भाषाभ्यासकाची आहे. त्यामुळे केंद्राचे उत्पन्न, श्रोतृसंख्या इत्यादी बाबींचा विचार येथे केलेला नाही. तसेच कोणा एका केंद्राच्या गुणदोषांची यादी करणे हाही हेतू नाही. लहान केंद्रांवर सर्वत्र कमीअधिक प्रमाणात रूढ होत असलेल्या रीतीचे हे परीक्षण आहे.

शब्दांविषयी एक खुलासा अवश्य आहे. 'आकाशवाणी' हे एका संस्थेचे नाव आहे, 'नभोवाणी' हे माध्यमाचे. 'रेडिओ' हा शब्द दोहोंसाठी चालतो आणि श्रोत्यांच्या तोंडी तोच आहे. पुढील विवेचनात माध्यमाला नभोवाणी असेच म्हटले आहे.

२

या दोन जिल्ह्यांची जोडी केवळ सोयीची नाही. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले, आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. भाषेच्या दृष्टीने मात्र हे क्षेत्र एकजिनसी नाही. पाटण, जावळीचा डोंगराळ पश्चिमभाग, कृष्णाकाठची ऊस-हळदीची सुपीक पट्टी, माण-खटाव-आटपाडीचा दुष्काळी माणदेश, आणि कन्नडभाषी गावांनी विणलेला जत तालुका असे त्याचे निदान चार पदर आहेत. पाटणच्या खोऱ्यातील मनुष्य आणि जतच्या पूर्वेकडील मनुष्य एकमेकांशी मराठीत बोलले तरी त्यांची मराठी एक नसते.

या क्षेत्रात नभोवाणीच्या दोन परंपरा नांदत आहेत. पहिली आकाशवाणीची. सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. सातारा केंद्र त्यानंतरचे. दुसरी परंपरा समाजाधारित, म्हणजे सामुदायिक नभोवाणीची. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना लहान केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. तिचा लाभ घेऊन माण तालुक्यातील म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी' (९०.४ मेगाहर्ट्झ) सुरू केली, आणि जत तालुक्यातील जालिहाळ येथे येरळा प्रकल्पाची 'येरळावाणी' (९१.२ मेगाहर्ट्झ) उभी राहिली. अशा केंद्रांचा प्रक्षेपक सामान्यतः शंभर वॅटचा असतो आणि त्याचा पल्ला दहा-बारा किलोमीटरांच्या आसपास. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर निर्माण व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत, असे २००६ च्या धोरणातच नमूद आहे. बोलीचा असा स्पष्ट उल्लेख करणारी शासकीय कागदपत्रे थोडी आहेत, म्हणून हा मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

समाजमाध्यमांनी या दोन्ही परंपरांच्या सीमा पुसट केल्या. प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एअर' या अ‍ॅपवरून आकाशवाणीची केंद्रे आता कोठूनही ऐकता येतात. दहा किलोमीटरांचे केंद्रही एखादे ध्वनिमुद्रण यूट्यूबवर ठेवताच मुंबईच्या माथाडी कामगाराला आणि दुबईतील अभियंत्याला सारखेच जवळ येते. याचा आनंद वाटणे साहजिक आहे. परंतु स्थानिक केंद्राचा पहिला प्रश्न मुंबईच्या वा दुबईच्या श्रोत्याचा नसतो. पल्ल्यातील श्रोत्याचे केंद्राशी असलेले नाते या नव्या साधनांनी बदलले काय, हा तो प्रश्न होय.

३

श्रोत्याचे उत्तर मिळविण्याची खटपट समाजमाध्यमांपासून सुरू झाली असे मानणे इतिहासाला धरून नाही. तिचा एक फार महत्त्वाचा प्रयोग याच भूमीत झाला. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडण्यात आली. दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा असे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावी पंधरा-वीस जणांचे मंडळ रेडिओभोवती बसून कार्यक्रम ऐकत असे आणि तो संपल्यावर त्यावर चर्चा करीत असे. मंडळाचा निमंत्रक चर्चेचा वृत्तांत आणि उपस्थित झालेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवी. आणि पुढील कार्यक्रमांतील काही वेळ त्या प्रश्नांच्या उत्तरांसाठी राखलेला असे.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्याचे सूत्रधार पॉल न्यूराथ यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली : जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी, आणि जेथे रेडिओच नव्हता अशी. मंडळे असलेल्या गावांत शेती, आरोग्य इत्यादी विषयांच्या ज्ञानात लक्षणीय वाढ झाल्याचे आढळले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती तशी झाली नाही. हा निष्कर्ष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. ऐकण्याने जे साधले नाही ते ऐकल्यानंतरच्या बोलण्याने आणि त्या बोलण्याला मिळालेल्या उत्तराने साधले. १९५९ पासून ही योजना देशभर विस्तारली. विस्ताराबरोबर तिची बांधणी सैल होत गेली आणि कालांतराने ती मागे पडली, हा इतिहासाचा पुढचा भाग होय.

या प्रयोगाचे तीन घटक वेगळे करून पाहता येतील. पहिला, श्रोते एकत्र बसत. म्हणजे उत्तर देणारा एकटा नसे. दुसरा, त्यांचे उत्तर केंद्राकडे जाई. तिसरा, ते उत्तर पुन्हा ध्वनिक्षेपणातून गावाकडे येई. या तिसऱ्या घटकाला आपण 'परतीचा फेरा' म्हणू. समाजमाध्यमांनी दुसरा घटक कमालीचा सुलभ केला आहे. पहिला घटक त्यांनी बदलला. गावचे मंडळ जाऊन हातातला फोन आला. तिसऱ्या घटकाबाबत मात्र ती काहीच करीत नाहीत. ते काम केंद्रालाच करावे लागते, आणि नेमके तेच आज सर्वांत दुर्लक्षित राहते.

प्रयोगाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. मंडळाचे उत्तर निमंत्रकाच्या लेखणीतून जात असे. ज्याला लिहिता येत होते त्याच्या हातून, आणि लिहिताना जी भाषा योग्य वाटते त्या भाषेत, ते पुण्यास पोचे. गाव बोलला एका मराठीत आणि पुण्यास कळला दुसऱ्या मराठीत. पत्रव्यवहाराच्या सर्व कार्यक्रमांची हीच गोष्ट होती. लेखन हे तेव्हा श्रोत्याच्या उत्तराचे प्रवेशद्वार होते, आणि त्या दारातून बोली क्वचितच आत येत असे.

४

आता समाजमाध्यमांवरील उत्तरांकडे वळू. केंद्रांच्या पानांवर येणारी उत्तरे पाहिली तर त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : अभिवादन, प्रश्न आणि कथन. 'नमस्कार', 'खूप छान कार्यक्रम', जोडलेल्या हातांची चित्रे, हृदयाची चिन्हे हा पहिला वर्ग. पिकावरील रोग, योजनेचा अर्ज, दवाखान्याची वेळ यांविषयीची विचारणा हा दुसरा. आणि स्वतःविषयी अथवा गावाविषयी काही सांगणे हा तिसरा. या तिन्हींत पहिल्या वर्गाचे प्राबल्य असते, हे कोणतेही पान उघडून पाहिल्यास ध्यानात येईल.

मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की याने १९२३ मध्ये अशा बोलण्याचे वर्णन केले आहे की, ज्यात माहितीची देवाणघेवाण नसते, केवळ माणसामाणसांतील संबंध राखला जातो. 'काय, जेवलात का?' हा आपल्याकडील त्याचा परिचित नमुना. विचारणाऱ्याला जेवणाची चौकशी अभिप्रेत नसते. असे बोलणे क्षुद्र नव्हे. फर्माइशीच्या गीतांच्या कार्यक्रमात पोस्टकार्डावरील नावे वाचली जात, तोही याच जातीचा व्यवहार होता. परंतु दोहोंत एक भेद आहे. वाचलेले नाव त्याच क्षणी शेजारच्या घरात, चहाच्या हॉटेलात, एस. टी. स्टँडवर ऐकू येई. 'अमक्या गावचा अमका' हे शब्द त्या गावाच्या कानावर पडत, आणि दुसऱ्या दिवशी त्याची चर्चा होई. ते नाव परत आलेले असे. पानावरचे हृदयाचे चिन्ह मोजले जाते, पण कोणाच्या कानी पडत नाही. श्रोत्याच्या अभिवादनाला जो सार्वजनिक प्रतिध्वनी होता तो येथे नाहीसा झाला आणि त्याच्या जागी आकडा आला.

या आकड्याचा मोह मोठा आहे. लहान केंद्रांना श्रोत्यांची मोजणी करण्याचे साधन पूर्वी नव्हते. अनुदान देणाऱ्या संस्थेला काही दाखवावयाचे असते, जाहिरातदाराला काही सांगावयाचे असते, आणि पसंतीची संख्या आयती हाती येते. मग ज्या मजकुराने ती संख्या वाढते तो मजकूर अधिक केला जातो : सणांच्या शुभेच्छा, प्रसिद्ध व्यक्तींची छायाचित्रे, पाहुण्यांच्या सत्काराची दृश्ये. येथे एक विसंगती लक्षात घ्यावी. ध्वनीचे केंद्र ध्वनीवाचून असलेल्या मजकुरावर श्रोत्यांचे प्रेम मोजू लागते. पान वाढते; पण ते पान पाहणारा त्या दिवशी केंद्र ऐकत होता की नाही, हे त्या संख्येवरून कळत नाही.

दुसरी गोष्ट लिपीची. पानावर उत्तर द्यावयाचे तर लिहावे लागते. त्यामुळे पोस्टकार्डाच्या काळातील दार तसेच कायम राहते, किंबहुना ते अधिक अरुंद होते. कारण अनेकजण मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहितात आणि बोलीतील उच्चारभेद त्या लेखनात हरवतात. जतसारख्या तालुक्यात तर प्रश्न आणखी बिकट. घरी कन्नड बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली व्यक्ती कोणत्या लिपीत उत्तर लिहील? बहुधा ती लिहीतच नाही. अंगठ्याचे चिन्ह देऊन मोकळी होते. त्या चिन्हाची नोंद पसंती म्हणून होते. वस्तुतः ते मौनही असू शकेल.

५

यांतून सुटण्याचा एक मार्ग याच साधनांत आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते स्थानिक नभोवाणीच्या दृष्टीने समाजमाध्यमांनी आणलेली खरी नवी गोष्ट तीच होय. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१३ पासून ध्वनिसंदेश पाठविता येतो. कळ दाबून बोलावे आणि सोडून द्यावे. अक्षरओळख नको, लिपीचा निर्णय नको, निमंत्रकाची लेखणी नको. श्रोत्याचे उत्तर लेखनातून न जाता केंद्रापर्यंत पोचण्याचा प्रसंग पूर्वी मुलाखतीत किंवा दूरध्वनीवरील कार्यक्रमात येई; पण तेथे निवेदक समोर असे आणि समोरच्याला पाहून भाषा बदलण्याची सवय आपणा सर्वांना आहे. ध्वनिसंदेशात बोलणारा आपल्या अंगणात, आपल्या वेळी, आपल्या माणसांत बोलतो.

लिहितावाचता न येणे ही नभोवाणीवर उणीव ठरू नये, हे म्हसवडच्या केंद्राला ठाऊक आहे. माणदेशीच्या संस्थापिका चेतना सिन्हा यांनी २०१८ च्या आपल्या एका गाजलेल्या इंग्रजी भाषणात अशा एका निरक्षर गायिकेची हकीकत सांगितली आहे, जी केंद्रावर येऊन गाऊ लागली आणि पुढे तेथील लोकप्रिय निवेदिका झाली. जेथे निवेदिकेला अक्षरांची अट नाही तेथे श्रोत्याला ती का असावी?

परंतु ध्वनिसंदेश आला म्हणजे तो ध्वनिक्षेपित होतोच असे नाही. सामान्य रीत अशी की निवेदक तो ऐकतो, त्याचा सारांश करतो आणि तज्ज्ञापुढे ठेवतो. या सारांशात काय घडते ते पाहण्यासाठी, माणदेशी बोलीच्या धर्तीवर लेखकाने नमुन्यादाखल रचलेला एक संदेश घेऊ :

'आमच्या शेरडास्नी खुराक काय घालावा? वैरण तर कवाच सपली.'

त्याचे निवेदनातील रूप साधारणतः असे होईल : 'उन्हाळ्याच्या दिवसांत शेळ्यांना कोणते पूरक पशुखाद्य द्यावे, असा प्रश्न एका पशुपालक भगिनीने विचारला आहे.'

वरवर पाहता अर्थ तोच आहे आणि भाषा 'शुद्ध' झाली आहे. बारकाईने पाहिले तर चार गोष्टी गेल्या. 'शेरडास्नी' यातील अनेकवचनी '-स्नी' हा प्रत्यय गेला. तो या भागातील बोलींची एक ठळक खूण आहे. 'शेरडं' गेली आणि 'शेळ्या' आल्या. ही किरकोळ बाब समजू. 'आमच्या' हा शब्दही गेला आणि प्रश्न एका घराचा न राहता सामान्य झाला. पण सर्वांत मोठी हानी दुसऱ्या वाक्याची. ते वाक्य व्याकरणदृष्ट्या प्रश्न नाही, म्हणून सारांशात त्याला जागा मिळाली नाही. वास्तविक बाईचा खरा प्रश्न तेथेच होता. खुराक हा वैरणीच्या जोडीला द्यावयाचा असतो; येथे वैरणच संपली आहे, आणि 'कवाच' या एका शब्दात किती दिवसांपासून ती संपली आहे याची व्यथा आहे. तज्ज्ञ सारांशाला उत्तर देईल : पेंड किती, मका किती, क्षारमिश्रण किती. उत्तर शास्त्रशुद्ध असेल आणि विचारणारीला निरुपयोगी असेल. चाऱ्याची छावणी कोठे आहे, कोणाकडे मागावयाची, शेरडे विकावीत की राखावीत, हे विषय निघणारच नाहीत.

प्रमाणभाषेत भाषांतर करताना आशय कायम राहतो आणि केवळ वेष बदलतो, हा समज किती फसवा आहे ते यावरून दिसेल. बोलीत विचारण्याची रीतच वेगळी असते. अडचण थेट मागणीच्या रूपात न मांडता, एक साधा प्रश्न पुढे करून तिच्यामागे परिस्थिती सांगून टाकायची, ही ग्रामीण संभाषणाची परिचित पद्धत आहे. ऐकणाऱ्याने त्यातून काय ते ओळखावयाचे असते. सारांश करणारा प्रश्न उचलतो आणि परिस्थिती टाकून देतो.

६

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. केंद्राचे श्रोते अनेक बोलींचे आहेत. प्रमाण मराठी त्या सर्वांना समजते. बोलीतील संदेश जसाच्या तसा ऐकविला तर काहींना तो कळणार नाही आणि काही त्याला हसतील. आक्षेपाचा पहिला भाग मान्य करता येईल. म्हणूनच उत्तर सर्वांना समजेल अशा सोप्या मराठीत असावे, यात दुमत नाही. प्रश्न मात्र विचारणाऱ्याच्या आवाजात ऐकवावा. वीस सेकंदांचा संदेश ऐकविण्यास वीस सेकंदच लागतात. सारांशाला त्याहून अधिक लागतात. द्राक्षबागाइतदार 'दावण्या' म्हणाला तर तज्ज्ञाने 'केवडा रोग' म्हणावयाचे कारण नाही. तासगावच्या श्रोत्याला दावण्याच ठाऊक आहे. ऊस उत्पादक 'खोडवा' म्हणतो तेथे दुसरा शब्द शोधू नये. व्यवसायाची भाषा ज्यांचा तो व्यवसाय त्यांचीच असते.

हसण्याचा भाग अधिक गंभीर आहे. ग्रामीण बोली ऐकली की हसू यावे, ही सवय श्रोत्यांना लावण्यात करमणुकीच्या कार्यक्रमांचा मोठा वाटा आहे. शहरी निवेदक ओढूनताणून 'लई भारी', 'काय राव' म्हणत ग्रामीण सोंग आणतो, तेव्हा बोली ही विनोदाची वस्तू ठरते. समाजमाध्यमांवरील लघुचित्रफितींनी या सोंगाला मोठी बाजारपेठ मिळवून दिली आहे. याला उतारा एकच : त्याच बोलीत गंभीर गोष्टी वारंवार ऐकू येणे. जी भाषा केवळ विनोदात ऐकू येते तिला लोक हसतात; जी तीत कर्जाची, पाण्याची, बाळंतपणाची विचारणा ऐकू येते तिला हसत नाहीत.

दुसरा आक्षेप फोनच्या मालकीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांजवळ स्वतः वापरतात असा मोबाइल फोन होता. म्हणजे जवळपास निम्म्या स्त्रियांना ध्वनिसंदेश पाठवावयाचा तर नवऱ्याचा वा मुलाचा फोन मागावा लागणार, आणि काही प्रश्न त्या फोनवरून विचारलेच जाणार नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि तो खोडून काढता येत नाही. त्यावरून निष्कर्ष एवढाच निघतो की, समाजमाध्यम हे केंद्राचे एकमेव दार असू नये. बचतगटाच्या बैठकीला ध्वनिमुद्रक घेऊन जाणे, बाजाराच्या दिवशी केंद्राचे दार उघडे ठेवणे, या जुन्या रीती टाकून देण्याची घाई करू नये. १९५६ च्या मंडळात माणसे एकत्र बसून बोलत. गटातील एका फोनवर दहा जणींनी मिळून पाठविलेला संदेश त्या मंडळाच्या अधिक जवळचा आहे. एकेकट्या दहा पसंतींपेक्षा त्याचे मोल जास्त मानावे.

७

समाजमाध्यमावरील मजकूर आणि ध्वनिक्षेपण यांतील आणखी एक भेद संकटकाळी जीवनमरणाचा ठरतो. तो आहे काळवाचक शब्दांचा. 'आता', 'आज', 'इथे', 'सकाळपासून' या शब्दांना स्वतःचा स्थिर अर्थ नसतो. बोलण्याचा क्षण आणि स्थळ यांवरून तो ठरतो. नभोवाणीवर 'आता' म्हटले की बोलण्याचा आणि ऐकण्याचा क्षण एकच असल्याने शब्दाचा अर्थ निश्चित असतो. पुढे पाठविल्या जाणाऱ्या संदेशात तसे नसते. तो सकाळी निघतो आणि रात्री पोचतो. त्यातील 'आता' मात्र तसाच राहतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. सांगलीकरांच्या बोलण्यात पुराचे माप आयर्विनच्या फुटांनीच होते : 'किती फूट झालं?' एवढेच विचारले जाते. अशा वेळी 'आता पाणी अमुक फूट, धरणातून विसर्ग वाढला' हा संदेश काही तासांनी हाती पडला तर तो खोटा नसूनही खोटाच ठरतो. ओसरत्या पाण्यात तो घबराट पसरवतो, चढत्या पाण्यात गाफील ठेवतो. अफवा म्हणजे नेहमीच कोणी रचलेले असत्य असते असे नाही. पुष्कळदा ते शिळे झालेले सत्य असते.

यावरून स्थानिक केंद्रांना एक साधा भाषिक नियम घालून घेता येईल. जे वाक्य समाजमाध्यमावर ठेवावयाचे त्यातून 'आता' आणि 'इथे' काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी तारीख, वेळ व ठिकाण वाक्यातच घालावे. वर किंवा खाली नव्हे, कारण पुढे पाठविताना शीर्षक गळते आणि वाक्य उरते. ध्वनिक्षेपणात उलट 'आता' मोकळेपणाने वापरावा, कारण तेच ध्वनिक्षेपणाचे बळ आहे. एकच मजकूर दोन्हीकडे जसाच्या तसा टाकणे ही आज सोयीची पद्धत आहे. ती भाषेच्या दृष्टीने चुकीची आणि पुराच्या दिवसांत घातक आहे.

८

या विवेचनाचा अखेरचा मुद्दा आपल्या अभ्यासक्षेत्राशी निगडित आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बोलींचे नमुने मुख्यतः एका ठरीव कथेच्या अनुवादांतून गोळा केलेले होते. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी बोलींच्या पद्धतशीर वर्णनाचा पाया घातला, आणि अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. या सर्व कामांत संशोधक गावी जातो आणि विचारतो. लहान केंद्रांकडे मात्र न विचारता, स्वतःच्या निकडीने बोललेली भाषा रोज येत आहे. भाषाभ्यासकाला याहून मोलाची सामग्री मिळणे कठीण.

आणि ही सामग्री रोज नाहीशीही होत आहे. फोनची जागा भरली की संदेश पुसले जातात. फोन बदलला की जुने सर्व जाते. जे उरते ते परदेशी कंपन्यांच्या साठवणीत, त्यांच्या अटींवर उरते. केंद्राचे पान उद्या बंद झाले तर दहा वर्षांच्या श्रोत्यांचे बोलणे त्याबरोबर जाईल. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांसाठी १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ उभे आहे. त्यातील भाषाविभागांनी आणि महाविद्यालयांनी या केंद्रांशी सहकार्य करून, बोलणाऱ्याची स्पष्ट संमती घेऊन, नाव व फोनक्रमांक वगळून, गाव, तालुका, दिनांक व विषय यांच्या नोंदीसह असे ध्वनिसंदेश जतन करणे अशक्य नाही. त्याला मोठा निधी लागत नाही. पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस केंद्रावर बसल्याने त्याचा आरंभ होईल. संमतीची अट मात्र सैल करता येणार नाही. आपल्या शेरडांची अडचण सांगणारी बाई संशोधनासाठी बोललेली नसते.

हे कार्य केंद्रांवर उपकार म्हणून करावयाचे नाही. संदेशांची नीट नोंद झाली तर कोणत्या गावातून कोणता प्रश्न वारंवार आला आणि त्याला उत्तर मिळाले की नाही, हे केंद्रालाच प्रथम कळेल. पसंतीच्या आकड्याऐवजी अनुदान देणाऱ्यापुढे ठेवण्यास त्याच्याजवळ अधिक भक्कम हिशेब असेल : इतके प्रश्न आले, इतके विचारणाऱ्याच्या आवाजात ऐकविले, इतक्यांना उत्तर दिले, इतके बाकी आहेत. बाकीचा रकाना त्यात असावा. १९५६ च्या निमंत्रकांनी पाठविलेल्या कागदांचा उपयोग असाच होत होता, आणि म्हणूनच त्या दहा आठवड्यांचा निष्कर्ष आजही वाचण्याजोगा आहे.